ओट्यावरचा पाव

काही पदार्थ घरी करता येतात ही गोष्टच आपल्याला कधी सुचत नाही. पाव हा त्यांतला पहिला. एरवी आपल्या घरांतल्या बायका कशाला म्हणून भीत नाहीत. तीन दिवस गहू भिजत घालून, वाटून, गाळून त्याचा चीक काढतात आणि कुरडया घालतात. चकलीला काटा कसा येतो, अनारशाला जाळी कशी पडते, याचे त्यांचे शास्त्र तोंडपाठ असते. एवढी विद्या घरात नांदत असताना पाव मात्र नेहमी दाराशी यायचा. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, तीत लादीपाव, बटर, खारी, नानकटाई. खाली भोंगा वाजला की पिशवी घेऊन जिना उतरायचा. पाव कोणी केला, कुठे केला, तो एवढा फुगला कशाने, हे विचारण्याची पद्धत नव्हती. सोनारानेच कान टोचावे, तसा पाववाल्यानेच पाव करावा, असा तो न लिहिलेला करार होता.

साठी उलटल्यावर मी तो करार मोडला आणि घरी पाव भाजायला शिकलो. तो कसा भाजायचा हे तर सांगणारच आहे. पण आमच्या घरी पाव भाजला जाणे ही साधी गोष्ट का नव्हती, ते आधी सांगितले पाहिजे.

पाव हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांनी गोवे घेतले १५१० साली; वसई त्यांच्याकडे आली १५३४ मध्ये आणि चिमाजीअप्पांनी ती परत घेतली १७३९ मध्ये. ह्या लोकांना भट्टीत फुगवलेल्या रोटीवाचून चैन पडेना. गोव्यात गव्हाचे पीठ मिळाले, पण ते फुगवणारे आंबवण मिळेना. तेव्हा त्यांनी माडाची ताजी सुर पिठात घातली आणि काम भागवले. गोव्यातले पदेर पुढे कितीतरी वर्षे सुरेवरच पाव फुगवीत होते. आमच्या लहानपणी मात्र 'पायाने तुडवतात म्हणून पाव' ही व्युत्पत्ती सांगणारे कोणी ना कोणी प्रत्येक घरात असे. व्युत्पत्ती खोटी होती. पण सांगणाऱ्याला भाषाशास्त्राची काळजी नव्हतीच. पोराने पाव मागू नये, एवढेच त्याला साधायचे होते.

आणि ती विहिरीची गोष्ट तर कोकणात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकली असेल. रात्री कोणी गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने नकळत पाणी भरले, आणि दुपारपर्यंत अख्खे गाव बाटले. खरे किती आणि रचलेले किती, हा वाद इतिहासकारांनी घालावा. मला त्या गोष्टीत नेहमी एकच टोचत आले आहे. पाव टाकणारा एखादा. पण तहानेने पाणी प्यालेल्या माणसांना पुन्हा घरात न घेणारे त्यांचेच सोयरेधायरे होते.

एका तुकड्याची केवढी ही दहशत! मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या स्नेह्यांनी जातिभेद मोडण्यासाठी परमहंस सभा काढली, तेव्हा नव्या सभासदाची परीक्षा कशाने घ्यावी? तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन. सभा गुप्त चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहावरून केवढे ग्रामण्य उठले, आणि टिळक-रानड्यांसारखी माणसे त्यात कशी सापडली, हे सर्वांना ठाऊक आहे.

मौज अशी, की ह्याच पोर्तुगीजांच्या गलबतांतून समुद्रापलीकडच्या ज्या दुसऱ्या वस्तू आल्या त्यांना कोणी अडवले नाही. बटाटा दक्षिण अमेरिकेतला आणि शेंगदाणाही तिकडचाच. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद तिकडचा, आणि मिरचीही अमेरिकेतलीच. म्हणजे एकादशीच्या दिवशी सोवळे नेसून आपण जी खिचडी खातो, तिच्यातले जवळजवळ सगळेच परदेशी! वडापावात तर वडा हा शब्द तेवढा आपला; बटाटा आणि पाव दोन्ही पोर्तुगीज. बटाट्याला देवघरापर्यंत वाट मिळाली आणि पाव बिचारा उंबऱ्यावर थांबला.

आमच्या घरात तो अगदी शब्दशः उंबऱ्यावर थांबे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा आणि नंतर मोठ्या घरात आलो तेव्हाही, पाव बाहेरच्या खोलीत खायचा असा आईचा नियम होता. स्वयंपाकघरात आणायचा नाही आणि ओट्यावर तर नाहीच. आई काही कर्मठ नव्हती. कामवाल्या बाईंना ती आपल्या शेजारी बसवून चहा देई. उडप्याकडची इडली आवडीने खाई. नातवाने दुसऱ्या जातीतली मुलगी पसंत केली तेव्हा सर्वांत आधी तिनेच साडी काढून ठेवली. आम्हाला ती पाव खाऊ देई, आणून देई, त्याला लोणीसुद्धा लावून देई. फक्त स्वतः खात नसे. वडापाव घरी आणला की आतला वडा खाई आणि पाव माझ्याकडे सरकवी. जुन्या माणसांच्या काही सवयी असतात, त्यांतली ही एक, असे आम्ही धरून चाललो होतो.

मग २०२० साल आले. गुढीपाडवा त्या वर्षी २५ मार्चला होता, आणि नेमक्या त्याच दिवसापासून सारा देश घरात बसला. आमचा पाववाला चार-सहा दिवसांतच दिसेनासा झाला. भट्टीतले कारागीर गावाकडे निघून गेले, एवढेच कोणाकडून तरी कळले. सकाळच्या चहाबरोबर पाव नाही ही काही आपत्ती नव्हे. माणसे उन्हातान्हातून शेकडो मैल पायी चालली होती ते दिवस. पण घरात एक निराळीच काळजी होती. आईला तेव्हा शहाऐंशी वर्षे झाली होती. तिची कवळी सैल झाली होती आणि दातांचे दवाखाने बंद होते. भाकरी तर केव्हाच सुटली होती, आता पोळीही चावेना. मऊ भात, पेज, दूध, पुन्हा मऊ भात. पंधरा दिवसांत तिला त्याचा वीट आला. ताटातले निम्मे तसेच राही. "भूक नाही रे," ती म्हणे. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या, आणि ते आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांना न सांगता पाहत होतो.

पाव करण्याचे माझ्या डोक्यात आले ते मात्र आईसाठी नव्हे, माझ्या चहासाठी. शेजारच्या विंगेतल्या एक बाई केकचे वर्ग घेत. त्या दिवसांत यीस्ट बाजारातून नाहीसे झाले होते, कारण घरी बसलेल्या साऱ्या जगाला एकाच वेळी पाव भाजण्याची लहर आली होती. बाईंनी वरच्या गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून चार चमचे कोरडे यीस्ट खाली सोडले आणि वरूनच प्रमाण ओरडून सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी एकच अट घातली : ओटा नंतर पुसून द्यायचा.

प्रमाण अगदी सोपे आहे. अर्धा किलो पीठ. मी अर्धा मैदा, अर्धी कणीक घेतो. पाणी सुमारे ३३० मिलिलिटर. मीठ १० ग्रॅम, यीस्ट ५ ग्रॅम, एक चमचा साखर, दोन चमचे तेल. एवढेच. चकलीच्या भाजणीला याहून जास्त जिन्नस लागतात. पाणी कोमट असावे, बोट बुडवून सुखावह वाटेल इतपत. कारण ते राखाडी-तपकिरी दाणे म्हणजे मसाला नव्हे, झोपी गेलेले जीव आहेत. चिमटीत अब्जावधी मावतात. गोड, कोमट पाण्यात घातले की दहा मिनिटांत ते जागे होतात, पाण्यावर फेस धरतो आणि ओळखीचा, आंबूस वास सुटतो. साखर खायची आणि वायू सोडायचा, हा त्यांचा उद्योग. पाव फुगतो तो ह्या श्वासाने. माणूस हजारो वर्षे पाव खात आला, पण तो फुगवणारे आंबवण सजीव आहे हे नीट सिद्ध केले लुई पाश्चरने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी स्वयंपाकघराला ते ठाऊक होते. फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते.

आई दिवाणखान्यातून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली. बाहेर रस्ता सुनसान, टीव्हीवर आकडे. पाहण्यासारखे घरात हेच एक चालले होते. मी परातीत पीठ कालवले. ते बोटांना, मनगटाला चिकटू लागले.

"पीठ घालू नकोस वरून," ती म्हणाली. "पुरणपोळीची कणीक तिंबतात तशी तिंब. चिकटतं ते आधी. मग सोडतं."

पुरणपोळीची कणीक! पाव भाजायला शिकवणारे कोणतेही पुस्तक पानेच्या पाने खर्चून जे सांगते, ते तिने एका वाक्यात सांगितले. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की त्यातल्या प्रथिनांची एक चिवट जाळी तयार होते. पीठ पाण्याखाली धूत राहिले तर चीक वाहून जातो आणि हातात रबरासारखा गोळा उरतो; अठराव्या शतकात इटलीत बेक्कारी नावाच्या विद्वानाने तो वेगळा करून दाखवला. ह्या जाळीमुळेच पुरणपोळी न फाटता पातळ लाटता येते, आणि ह्याच जाळीत तो वायू अडकला की पाव फुगतो. ज्वारीला, बाजरीला ही जाळी नाही. म्हणून भाकरी थापावी लागते आणि म्हणून भाकरीचा पाव होत नाही. आईने आयुष्यभर ह्या जाळीशी व्यवहार केला होता. पुरणपोळीला ती ताणून धरायची, आणि कुरडईचा चीक काढताना तिला चोथ्याबरोबर टाकून द्यायचे. तिला ग्लुटेन हा शब्द मात्र माहीत नव्हता, आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नव्हते.

दहा-बारा मिनिटे तिंबल्यावर पिठाने खरोखरच हात सोडला. ते गुळगुळीत झाले, दाबले की हळूच वर येऊ लागले. आईने खुर्चीतूनच हात पुढे केला, दोन बोटांनी गोळा दाबून पाहिला आणि मग आपल्या कानाची पाळी दाबून पाहिली. "एवढं मऊ झालं म्हणजे पुरे," ती म्हणाली.

एप्रिलमधली डोंबिवली म्हणजे नैसर्गिक भट्टीच. थंड देशात दीड-दोन तास लागणारे काम इथे पाऊण तासात होते. ओले फडके घालून ठेवलेला गोळा दुप्पट झाला. तो दाबून वायू काढायचा, पुन्हा वळायचा, तेलाचे बोट फिरवलेल्या डब्यात ठेवायचा आणि पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्यायचा. दोनदा फुगवण्याने जाळी बारीक होते आणि चवही येते. ह्या साऱ्या वेळात करण्यासारखे काही नसते. वाट पाहणे हाच त्यातला मुख्य श्रम आहे, आणि त्या वर्षी तो आम्हा सर्वांना पुरेसा अंगवळणी पडला होता.

आमच्याकडे ॲल्युमिनियमचा तो जुना गोल ओव्हन आहे, झाकणावर काचेची खिडकी असलेला. तिशीतल्या वाचकांनी तो आजीच्या माळ्यावर पाहिला असेल. त्याला उष्णता दाखवणारा काटा नाही. पाव २०० अंशांच्या आसपास भाजावा लागतो. ते ओळखायला भट्टीवाल्यांची जुनी खूण उपयोगी पडते. तळाशी चिमूटभर पीठ भुरभुरावे. ते जागच्या जागी पांढरे राहिले तर ओव्हन थंड, झटकन काळे पडले तर फार तापलेला, आणि हळूहळू बदामी झाले तर पाव आत जाऊ द्यावा.

आत गेल्यावर पहिली काही मिनिटे बघण्यासारखी असतात. उष्णता लागताच ते जीव शेवटची घाई करतात; पाव डोळ्यांदेखत वर चढतो. आतले तापमान साठ अंशांकडे गेले की ते मरतात. मग पिठातला चीक पाणी शोषून घट्ट होतो आणि त्यांनी उभी केलेली घरे तशीच उभी राहतात. आपण पावाला जी भोके म्हणतो ती ही घरे. शेवटी वरचा पापुद्रा तांबूस होऊ लागतो. साखर आणि प्रथिने उष्णतेत एकत्र आली म्हणजे हा रंग आणि हा वास येतो, असे १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पोळीवरचे डाग, कांद्याची भजी, भाजलेला शेंगदाणा, सगळ्यांची ती एकच करामत. चाळीस मिनिटांनी मी पाव बाहेर काढला आणि उलटा करून बुडावर टिचकी मारली. ढोलकीसारखा पोकळ आवाज आला, म्हणजे झाला.

तो काही दुकानातल्या पावासारखा उंच नव्हता. कणकेतला कोंडा त्या जाळीला जागोजाग कापतो, म्हणून कणकेचा पाव बुटका राहतो. पण वास! सारे घर त्या वासाने भरून गेले. जिन्यात कोणाचे तरी दार उघडल्याचा आवाज आला. पाव लगेच कापायचा नसतो. आत वाफ कोंडलेली असते, ती बसेपर्यंत तासभर थांबावे लागते. मी तो जाळीवर ठेवला. ओट्यावर. तो कुठे ठेवला आहे हे माझ्या आधी सौभाग्यवतींच्या लक्षात आले, आणि आम्ही दोघांनी एकदम आईकडे पाहिले.

तिचे आमच्याकडे लक्ष नव्हते. तिने डोळे मिटले होते.

"आज भट्टी चांगली लागली आहे," ती म्हणाली.

हे बोलणे तिचे नव्हते. आवाज तिचाच, पण शब्द दुसऱ्या कोणाचे तरी असावे तसे ते आले. मग तिने सांगितले. वेंगुर्ल्याकडच्या तिच्या माहेरी तिची एक आत्या होती. नवव्या वर्षी लग्न झालेली, अकराव्या वर्षी परत आलेली. केशवपन, लाल आलवण, एकवेळचे जेवण आणि माजघरापासून मागच्या पडवीपर्यंतचे जग. रोज पहाटे एक ख्रिस्ती पाववाला डोक्यावर टोपली घेऊन मागच्या पाणंदीने जाई. आत्या तेव्हा पडवीत जात्यापाशी बसलेली असे. टोपली जवळ आली की जाते थांबे. टोपली लांब गेली की जाते पुन्हा सुरू होई. आणि कधी ती आपल्याशीच म्हणे, "आज भट्टी चांगली लागली आहे," किंवा, "आज घाईत काढलेला दिसतो." पाव तिने कधी हातात धरला नव्हता, पण त्याची पारख तिच्याइतकी गावात कोणाला नसावी.

आई नऊ-दहा वर्षांची असताना शाळेतल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने तिला पावाचा तुकडा दिला. तो तिने खाल्ला नाही. केळीच्या पानात गुंडाळून, परकराच्या ओच्यात लपवून, धावत घरी आणला आणि पडवीत कोणी नाहीसे बघून आत्यापुढे धरला. आत्याने पान उघडले. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिने ते नाकाशी नेले.

"वास घेतल्यानं बाटत नाही ना गं?" तिने विचारले.

पस्तीस वर्षांच्या बाईने नऊ वर्षांच्या मुलीला विचारले, कारण विचारायला दुसरे कोणी नव्हते. आईने मान हलवली. आत्याने पुन्हा एकदा वास घेतला, पान पूर्वीसारखे गुंडाळले आणि परत केले. "गाईला घाल," ती म्हणाली. आईने तो गाईला घातला.

"ती वासावरच गेली रे," आई म्हणाली. "तिला मिळाला नाही तो मी कसा खाऊ? म्हणून नाही खाल्ला. बाटायचं बिटायचं काही नव्हतं त्यात."

सत्याहत्तर वर्षे! आम्ही ज्याला सोवळे समजत होतो ते सोवळे नव्हतेच. तो उपास होता, दुसऱ्या एका बाईच्या नावाने धरलेला. आणि स्वयंपाकघरात पाव येऊ न देण्याचे कारण एवढेच, की हा वास तिला सहन होत नव्हता.

पुढे काय बोलावे ते मला सुचेना. पाव गार होत होता. काही वेळाने तीच म्हणाली, "ह्यात माडी आहे का?"

"नाही. हे यीस्ट आहे," मी म्हणालो आणि बरणीतले दाणे तिच्या तळहातावर ठेवले. डब्याच्या कडेला थोडे कच्चे पीठ चिकटले होते. त्याचा तिने वास घेतला.

"अरे, हे आंबोळीचंच पीठ की," ती म्हणाली. "ही तर आपल्या आंबोळीची बहीण. गावात राहिली नाही, एवढंच."

मी पाव कापला. आत तो ओलसर, मऊ होता. सुरी बाहेर आली ती स्वच्छ. एक काप बशीत घालून तिच्यापुढे केला. तिने बशी घेतली नाही. "आधी तिच्या वाटचा काढ," ती म्हणाली.

खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी एक तुकडा ठेवला. आई त्याच्याकडे बघत बसली. मग तिने बशी ओढून घेतली, काप कोमट दुधात बुडवला आणि खाल्ला. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आयुष्यातला पहिला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघतो आहोत हे पाहून ती किंचित चिडली. "नुसते काय बघता? मीठ बरोबर आहे," ती म्हणाली आणि तिने दुसरा काप मागितला. पंधरा दिवसांत तिने काही दुसऱ्यांदा मागितले ते हे पहिल्यांदा.

चार चमचे यीस्ट किती दिवस पुरणार? त्यावरही तोड तिनेच काढली. "विरजण ठेव की," ती म्हणाली. तेव्हापासून मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा मी झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवू लागलो. दुसऱ्या दिवशी तो नव्या पिठात कुस्करून घालायचा आणि पुन्हा त्यातला एक गोळा काढून ठेवायचा. चार दिवसांपेक्षा जास्त खाडा पडणार असेल तर त्याला मूठभर पीठ आणि पाणी देऊन जागे ठेवायचे. पीठ फुगायला वेळ जास्त लागतो, पण पावाला किंचित आंबूस, खोल चव येते. भट्ट्या नव्हत्या, पाकिटे नव्हती, तेव्हा जगभर असेच चालत असणार.

आईची पदार्थांची एक वही होती, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. तीत आंबोळीच्या पुढचे पान कोरे होते. तिथे तिने माझ्याकडून पाव लिहून घेतला. मी ग्रॅम सांगू लागलो तसे तिने थांबवले. "पीठ कानाच्या पाळीसारखं, असं लिही. ग्रॅम कोणाच्या लक्षात राहतात?" मथळा काय घालू, असे विचारले तर म्हणाली, "ओट्यावरचा पाव." तिच्या दृष्टीने त्या नावात सगळे आले होते.

त्यानंतर ती दीड वर्षाहून थोडे अधिक होती. दवाखाने उघडले, नवी कवळी आली, पोळीही पुन्हा जमू लागली. पण चौथ्या दिवशी पाव झालाच पाहिजे असा तिचा आग्रह राहिला. दर वेळी एक तुकडा खिडकीत जाई. तो कधी कावळा नेई, कधी खार. कोणी नेला याची चौकशी ती करीत नसे. २०२२ च्या जानेवारीत ती गेली.

विरजण अजून चालू आहे. पिठे बदलली, पाणी बदलले, डबाही बदलला. तरी त्या गोळ्यात कुठेतरी २०२० च्या एप्रिलमधले काहीतरी असणार, असे मी मानतो. विरजणाचा एक गुण असा, की ते दिल्याने कमी होत नाही. खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा गेल्या महिन्यात वाटीभर मागून घेऊन गेला. मी त्याला ग्रॅम लिहून दिले आणि कानाची पाळीही दाबून दाखवली. आमच्याकडे कोणाची वाटी रिकामी परत करू नये असा रिवाज आहे. त्याच्या घरी तो असेल की नाही, याची मला शंका होती. परवा वाटी परत आली. तीत पावाचा एक काप होता, जरा बुटका आणि कडेला करपलेला, पण आतून मऊ. मी तो खिडकीपाशी नेला आणि त्याचे दोन तुकडे तिथे ठेवले. एक तिच्या वाटचा, आणि आता एक आईच्या.

उरलेला मी खाल्ला. मीठ बरोबर होते.